गुडघा, गणित आणि यंत्राचा हात

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात प्रमुख पाहुणे या नात्याने केलेले भाषण)





ज्या शाळेच्या बाकावर बसून मी पाढे पाठ केले, त्याच शाळेच्या व्यासपीठावर आज आपण मला मानाने बसवलेत, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. चिटणीससाहेबांनी मला "शिक्षणाचे महत्त्व" या विषयावर बोलावे असे सुचवले होते. परंतु या विषयावर आपण दर वर्षी एक भाषण ऐकत आला आहात आणि भाषण संपल्यावर बिर्याणीकडे वळत आला आहात. मी हाडांचा डॉक्टर. म्हणून मी माझ्या धंद्यातलीच एक गोष्ट सांगणार आहे. ती शिक्षणाची आहे की नाही, हे शेवटी आपणच ठरवावे.

मघाशी मी दाराशी उभा राहून आपणा सर्वांना सभागृहात येताना पाहत होतो. पायऱ्या फक्त सहा. पण त्या चढताना किमान वीस माता-भगिनी आडव्या होऊन, कठड्याला धरून, एकेक पायरी दोन्ही पाय टेकवीत वर आल्या. आता पहिल्या दोन रांगांत त्यांतल्या कित्येक जणी एक पाय लांब करून बसल्या आहेत. विचारले तर म्हणतील, "काही नाही डॉक्टरसाब, वयाचं आहे." आपल्या समाजात आईच्या गुडघ्याला कुणी आजार मानत नाही. ते तिच्या वयाचे, तिच्या कामाचे, तिच्या नशिबाचे दुखणे समजले जाते.

हल्ली वर्तमानपत्रात पानभर जाहिराती येतात : "रोबोटने गुडघ्याची शस्त्रक्रिया". घरोघरी त्यावर चर्चा होते. माझ्याकडे आलेल्या एका खालांनी तर घाबरून विचारले, "बाबा, कापणार तू की ते मशीन? आणि मध्येच लाईट गेली तर?" प्रश्न अगदी रास्त होता. मी म्हणालो, "खाला, लाईट गेली तर आमच्याकडे दुसरी सोय असते. आणि हात माझाच असेल. यंत्र फक्त माझा हात चुकू देत नाही." हे नीट समजावून सांगण्यासाठीच आज मी उभा आहे.

गुडघा झिजतो म्हणजे काय?

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जिथे भेटतात, तो गुडघा. पुढच्या बाजूला त्यावर वाटी असते. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत, पांढरा थर असतो. तो जोवर शाबूत आहे, तोवर हाड हाडाला लागत नाही. हा थर एकदा झिजला की पुन्हा पूर्वीसारखा उगवत नाही. मग हाडावर हाड घासते, सांधा सुजतो, आणि आपल्याकडे बहुधा आतल्या बाजूची झीज जास्त असल्याने पाय धनुष्यासारखे बाहेर वाकू लागतात. लोक म्हणतात "वंगण संपले", "गॅप आला". शब्द काहीही असोत, अर्थ हाच.

ही झीज स्त्रियांत अधिक दिसते. वाढते वय, वाढलेले वजन, जुनी दुखापत, घराण्यातली प्रवृत्ती अशी तिची अनेक कारणे आहेत. लक्षात ठेवा, प्रत्येक झिजलेला गुडघा बदलावा लागत नाही. मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम, वजनावर ताबा, हातात काठी आणि डॉक्टरी सल्ल्याने घेतलेले औषध यांवर पुष्कळांची वर्षे सुखाने जातात. वजन एक किलोने उतरले, तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने उतरतो, असे मोजून पाहिलेले आहे. उलट बाजारात मिळणाऱ्या नाव नसलेल्या पुड्यांनी दोन दिवसांत आराम पडला, तर आनंदू नका, सावध व्हा. त्यांत अनेकदा स्टेरॉइड किंवा तीव्र वेदनाशामक मिसळलेले असते, आणि त्याची किंमत पुढे मूत्रपिंडे, जठर आणि हाडे चुकती करतात.

मात्र रात्रीची झोप उडाली, घरातल्या घरात चालणे कठीण झाले, पाय वाकडा होत चालला आणि इतर उपाय थकले, तर सांधेरोपणाचा विचार करावा लागतो. नावावरून वाटते की जुना गुडघा काढून टाकतात आणि नवा बसवतात. प्रत्यक्षात तसे नसते. दोन्ही हाडांच्या झिजलेल्या टोकांचा साधारण आठ-दहा मिलिमीटरचा थर काढतात आणि त्यावर धातूची टोपी बसवतात. दाताला टोपी बसवतात तशीच. मध्ये टणक प्लास्टिकची चकती असते, ती कूर्चेचे काम करते. एकाच बाजूची झीज असेल, तर केवळ तेवढाच भाग बदलण्याचीही शस्त्रक्रिया आहे.

शंभर-सव्वाशे वर्षांची खटपट

हे सहज साधलेले नाही. १८९० मध्ये बर्लिनच्या थेमिस्टोक्लिस ग्लुक या शल्यविशारदाने क्षयाने खराब झालेल्या गुडघ्यात हस्तिदंती बिजागरी बसवली. जंतुसंसर्गापुढे तो प्रयोग टिकला नाही. पुढे बिजागरीच्या धर्तीचे अनेक सांधे आले. पण गुडघा ही निव्वळ बिजागरी नव्हे. तो वाकतो, सरकतो आणि थोडा वळतोही. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी खुब्याच्या सांध्यासाठी धातू, प्लास्टिक आणि हाडांचे सिमेंट यांचा मेळ घातला. त्यांच्याच रुग्णालयात काम केलेल्या फ्रँक गन्स्टन या कॅनडाच्या डॉक्टरांनी १९६८ मध्ये तीच रीत गुडघ्याला लावली. आणि १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीमध्ये जो सांधा तयार झाला, तो आजच्या बहुतेक कृत्रिम गुडघ्यांचा पूर्वज होय. तो घडवणाऱ्यांत जॉन इन्साल आणि पीटर वॉकर यांच्या जोडीने एक भारतीय होते, डॉ. चित्तरंजन राणावत. मध्य प्रदेशातला हा मुलगा इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून पुढे अमेरिकेत गेला. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे दोन्ही गुडघे ऑक्टोबर २००० आणि जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात याच डॉ. राणावत यांनी बदलले.

१९७४ हे साल आपण ध्यानात ठेवा. मी त्याकडे परत येणार आहे.

यंत्राचा हात

आता रोबोटकडे वळू. हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० च्या एका नाटकातून जगभर गेला. मूळ चेक शब्दाचा अर्थ आहे वेठबिगारी. म्हणजे रोबोट हा मालक नव्हे, सांगितलेले काम करणारा बिगारी आहे. शस्त्रक्रियागृहातही त्याची जागा तीच.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत खरी कसोटी कापण्याची नसून मोजण्याची असते. खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत एक रेषा कल्पावी. सुताराचा ओळंबा जसा सरळ खाली येतो, तशी ती रेषा गुडघ्याच्या मधोमध जवळून गेली पाहिजे. हाड कोणत्या कोनात कापायचे, किती जाडीचे कापायचे, दोन्ही बाजूंचे अस्थिबंध सारखे ताणलेले राहतील की नाही, हे सारे त्या रेषेवर ठरते. आजवर आम्ही हे काम धातूचे साचे लावून करत आलो. सुतार गुण्या लावतो, तसेच ते. कसबी हातांनी ते उत्तम होते आणि आजही लाखो गुडघे असेच बदलले जातात.

रोबोटच्या मदतीने ते असे होते. काही यंत्रांसाठी आधी पायाचे सीटी स्कॅन काढतात व त्यावरून संगणकावर त्या रुग्णाच्या हाडाची त्रिमितीय प्रतिमा तयार करतात. इतर काही यंत्रांना स्कॅन लागत नाही. ती शस्त्रक्रियेच्या वेळीच हाडाचा नकाशा करतात. मग मांडीच्या आणि नडगीच्या हाडात बारीक खिळे बसवून त्यांवर खुणेचे दांडे लावतात. कॅमेरा त्या खुणांवर सतत नजर ठेवतो, त्यामुळे पाय हलला तरी हाड नेमके कुठे आहे हे यंत्राला कळते. सर्जन एका टोकदार सळईने हाडावरील अनेक बिंदूंना स्पर्श करतो आणि पडद्यावरचा नकाशा व टेबलावरचा गुडघा एकमेकांशी जुळवून घेतो. पाय वाकवून, सरळ करून अस्थिबंधांचा ताण मोजतो. मग आखणी पक्की करतो. इथपर्यंत हाडाला करवत लागलेलीही नसते!

यानंतर यंत्राचा हात पुढे येतो. त्यातही प्रकार आहेत. १९९२ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे खुब्याच्या शस्त्रक्रियेत प्रथम वापरलेला रोबोडॉक हा आखून दिल्याप्रमाणे स्वतः हाड कोरीत असे. विल्यम बार्गर या सर्जनबरोबर हॉवर्ड पॉल या पशुवैद्याने तो विकसित केला होता, आणि त्याची पहिली परीक्षा कुत्र्यांवर झाली होती. २००६ पासून गुडघ्याच्या अर्धवट रोपणासाठी वापरात आलेल्या आणि २०१५ मध्ये अमेरिकेत पूर्ण रोपणासाठी मान्यता मिळालेल्या माको या यंत्रात मात्र करवत सर्जनच्याच हातात असते. यंत्र ती पेलून धरते, आणि आखलेल्या हद्दीबाहेर जाऊ लागताच अडवते. तिसऱ्या प्रकारात यंत्र केवळ साचा अचूक जागी धरून ठेवते आणि करवत सर्जन चालवतो.

आता आपण विचाराल, मग रोबोटचा गुडघा अधिक चांगला का? इथे मी जाहिरातीची भाषा बोलणार नाही. आखणीप्रमाणे हाड कापण्यात यंत्र अधिक अचूक आहे, हे सिद्ध झाले आहे. पाय फार वाकडा असेल किंवा जुन्या अस्थिभंगामुळे मांडीत सळई असेल, तर त्याची मदत मोलाची ठरते. परंतु अचूक रेषेचा अर्थ आपोआप अधिक सुखी रुग्ण असा होत नाही. दक्षिण कोरियात हजाराहून अधिक रुग्णांना दोन गटांत वाटून दहा वर्षांहून अधिक काळ तपासत राहिले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, चालणे, वेदना आणि सांध्याचे आयुष्य या बाबतींत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. तिथले यंत्र जुन्या पिढीचे होते हे खरे. नव्या यंत्रांनी पहिल्या काही आठवड्यांतली वेदना कमी होते असे काही अभ्यास म्हणतात, तर काहींना तसा फरक दिसत नाही. यंत्रालाही त्याचे म्हणून काही तोटे आहेत. वेळ थोडा जास्त लागू शकतो, खिळ्यांच्या जागी क्वचित हाड मोडू शकते, आणि स्कॅन केले तर क्ष-किरण जास्त घ्यावे लागतात. जंतुसंसर्ग किंवा रक्ताची गुठळी यांपासून कोणतेही यंत्र आपले रक्षण करीत नाही.

उलट, साध्या शस्त्रक्रियेचेच यश पाहा. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार पूर्ण बदललेल्या शंभर गुडघ्यांपैकी सुमारे ८२ गुडघे पंचवीस वर्षे टिकतात. हे बहुतेक सारे हाताने बसवलेले होते. आणि तरीही शंभरातील पंधरा-वीस रुग्ण मनासारखे समाधानी नसतात, हेही मी लपवीत नाही.

म्हणून पालकहो, रोबोटसाठी घर गहाण ठेवू नका, आणि रोबोट नाही म्हणून शस्त्रक्रियाही टाळू नका. डॉक्टरांना पाच प्रश्न जरूर विचारा. शस्त्रक्रियेवाचून काही उपाय शिल्लक आहे काय? आपण वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता? माझ्या बाबतीत यंत्राचा नेमका कोणता फायदा आहे? सांधा कोणत्या कंपनीचा, त्याची किंमत बिलात वेगळी दाखवणार काय? आणि यंत्राचा आकार किती? ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींना मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत तेव्हा, कर सोडून, ५४,७२० रुपये ठरली. त्याआधी त्याच सांध्याला रुग्ण दीड लाखाच्या घरात पैसे मोजत होते. यंत्र वापरण्याचा आकार मात्र या मर्यादेत येत नाही. विमा असेल, तर रोबोटच्या खर्चाला पॉलिसीत किती मर्यादा आहे ते आधी वाचा. प्रश्न विचारणारा रुग्ण आम्हा चांगल्या डॉक्टरांना आवडतो. ज्याला आवडत नाही, त्याच्याकडे जाऊ नका.

आणखी एक प्रश्न आपल्या घरांत हमखास निघतो : "ऑपरेशननंतर सजदा करता येईल का?" नवा गुडघा बहुधा एकशेदहा ते सव्वाशे अंशांपर्यंत वाकतो. काही जणांना जमिनीवर गुडघे टेकता येतात. बहुतेकांना ते अवघड जाते, आणि जमिनीवर पूर्ण उकिडवे बसणे टाळावे असे आम्ही सांगतो. आजाऱ्याला बसून, इशाऱ्याने नमाज अदा करण्याची मुभा आहे, हे मौलवीसाहेब माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने सांगतील. पण हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या आधी विचारला जावा. नंतर विचारला तर मनाला लागते.

एका शब्दाचे दोन अर्थ

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याकडे वळतो. तुमच्यापैकी कितीतरी जणांना बीजगणिताचा कंटाळा असेल. इंग्रजीत त्याला अल्जिब्रा म्हणतात. हा शब्द आला अल-जब्र या अरबी शब्दावरून. इसवी सन ८२० च्या सुमारास बगदादमध्ये अल-ख्वारिज्मी यांनी लिहिलेल्या ग्रंथाच्या नावात तो आहे. त्यांच्याच नावाचा लॅटिन अपभ्रंश होऊन अल्गोरिदम हा शब्द आला, ज्यावर आजचा प्रत्येक संगणक चालतो. पण जब्र या शब्दाचा दुसरा एक अर्थ आहे : मोडलेले हाड जागेवर बसवणे. स्पेनमध्ये तर कितीतरी काळ हाड बसवणाऱ्या माणसाला अल्जेब्रिस्ता म्हणत. त्याच स्पेनमध्ये कॉर्डोबाजवळ अल-जहरावी होऊन गेले. १०१३ मध्ये ते वारले. तीस भागांच्या आपल्या ग्रंथात त्यांनी शस्त्रक्रियेच्या सुमारे दोनशे हत्यारांच्या आकृत्या काढून ठेवल्या. आज माझ्या शस्त्रक्रियागृहात पडद्यावर गणित चालते आणि त्याच्या आज्ञेने हाड नीट केले जाते. जब्रचे दोन्ही अर्थ एका टेबलावर भेटतात!

पण ही नावे घेऊन टाळ्या मिळवणे सोपे आहे. आपण दर समारंभात त्या मिळवतो. पूर्वज मोठे होते याने आपली उंची वाढत नाही. प्रश्न एवढाच आहे की आज त्या पडद्यासमोर आपली किती मुले आणि किती मुली बसल्या आहेत?

माझ्या घरची गोष्ट

आता १९७४ साल. न्यूयॉर्कमध्ये नवा गुडघा तयार होत होता, त्याच साली आमच्या खाडीकाठच्या गावात माझी अम्मा विहिरीच्या ओल्या पायरीवरून हंड्यासह घसरली. गुडघ्याचे हाड सांध्यातच मोडले. वडील बोटीवर होते. गावच्या हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या. हाड सांधले, पण वाकडे सांधले. अम्माला उठवेना, बसवेना. घरात आजी, मी आणि धाकटा भाऊ. काम करणारे कुणीतरी हवे होते. माझी थोरली आपा तेव्हा सातवीत होती आणि वर्गात पहिली होती. मोठ्यांनी ठरवले, कुणी भांडण केले नाही, कुणी तिला विचारलेही नाही. सोमवारी तिची पिशवी खुंटीवर राहिली आणि तिच्या हाती हंडा आला.

मी आठवीत गेलो तेव्हा बीजगणिताने माझी पार दैना केली. आपा चुलीपाशी बसून माझे पुस्तक वाचायची. शिकवणारे कुणी नसताना ती समीकरणे सोडवायला शिकली आणि भाकरी थापता थापता मला शिकवू लागली. "दोन्ही बाजूंना सारखं कर, मग उत्तर आपोआप दिसतं," असे ती म्हणायची. मॅट्रिकला मला गणितात जे गुण मिळाले, त्यावर माझे पुढचे सारे शिक्षण उभे राहिले. ते गुण माझ्या नावावर लागले. माझ्या गुणपत्रिकेवर तिचे नाव कुठेच नाही.

पुढे मी डॉक्टर झालो. वाजपेयींच्या शस्त्रक्रियेची बातमी ऐकून अम्मा प्रथमच म्हणाली, "एवढ्या मोठ्या माणसाचापण गुडघा दुखतो?" तिची भीती गेली. २००१ मध्ये माझ्या गुरुजींनी तिचा गुडघा बदलला. सत्तावीस वर्षांनी अम्मा सरळ पायाने अंगणात चालली. साऱ्या घराने तो दिवस ईदसारखा साजरा केला. आपाही हसत होती. रात्री भांडी घासताना ती सहज म्हणाली, "अम्माचा गुडघा नवा मिळाला. माझी सातवी नाही मिळाली."

तिने हे रागाने म्हटले नव्हते. म्हणूनच ते आजवर माझ्या मनातून गेलेले नाही.

गेल्या वर्षी आपाचाच गुडघा दाखवायला तिला माझ्या सहकाऱ्याकडे नेले. त्यांनी पडद्यावर आखणी दाखवली. साठी उलटलेली, सातवीत शाळा सुटलेली माझी बहीण चष्मा सावरून पडद्याजवळ गेली आणि म्हणाली, "हा तीन अंशाचा फरक कुठल्या रेषेपासून मोजला?" डॉक्टर माझ्याकडे पाहू लागले. असा प्रश्न त्यांना त्यांच्या शिकाऊ विद्यार्थ्यांनीही क्वचितच विचारला असेल. मी मान खाली घातली. त्या पडद्याच्या पलीकडच्या खुर्चीवर जी बसू शकली असती, ती अलीकडच्या खुर्चीवर रुग्ण म्हणून बसली होती. सगळे ऐकून घेऊन तिने विचारले, "यंत्र नसेल तर काम वाईट होईल का?" डॉक्टर म्हणाले, "नाही." ती म्हणाली, "मग हातानंच करा. वाचलेले पैसे नातीच्या फीला होतील." तिचे ऑपरेशन हाताने झाले आणि आज ती काठीशिवाय चालते.

दोन मागण्या

बंधू-भगिनींनो, मी आपणाकडे दोनच गोष्टी मागतो.

पहिली : आईचे दुखणे वेळीच पाहा. सांधेरोपणानंतर रुग्णाला त्याच किंवा दुसऱ्या दिवशी उभे करतात, पण निदान सहा आठवडे नेटाने व्यायाम करावा लागतो आणि घरात मदत लागते. पूर्ण बरे वाटायला काहींना वर्षही लागते. या सहा आठवड्यांत घरी कोण थांबणार, हे शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी ठरवा.

आणि दुसरी मागणी इथेच आहे : ते उत्तर "मुलगी थांबेल" असे नसावे. मुलीची परीक्षा पाहून तारीख ठरवा. मुलांना भात शिजवायला आणि भांडी घासायला शिकवा. त्याने त्यांच्या हाताची हाडे झिजत नाहीत, हे मी डॉक्टर म्हणून लिहून देतो! नातेवाईकांनी पाळ्या लावाव्यात. संस्थेनेही ज्या विद्यार्थिनीच्या घरी आजारपण आहे तिची हजेरी कमी पडते म्हणून नाव कापण्याआधी तिच्या दारी एक शिक्षिका पाठवावी, अशी माझी नम्र विनंती आहे.

विद्यार्थी मित्रांनो, या एका यंत्रामागे केवळ डॉक्टर नसतो. हाडाचा नकाशा काढणारा तंत्रज्ञ, कार्यक्रम लिहिणारा संगणक अभियंता, धातूचा सांधा घडवणारा कारागीर, यंत्राची देखभाल करणारा वैद्यकीय अभियंता, शस्त्रक्रियागृहातली परिचारिका आणि रुग्णाला पुन्हा पाऊल टाकायला शिकवणारी फिजिओथेरपिस्ट, इतके हात त्याला लागतात. यांतला प्रत्येक रस्ता याच शाळेच्या गणित आणि विज्ञानाच्या तासातून जातो. सगळ्यांनी डॉक्टर व्हावे असे मी म्हणत नाही. पण वर्गात पहिली येणारी कुणी मुलगी पुढच्या जूनमध्ये वर्गात दिसली नाही, तर तुम्ही तिच्या घरी जा आणि विचारा. १९७४ मध्ये आमच्या घरी विचारायला कुणी आले नव्हते.

गुडघा झिजला तर आज तो बदलता येतो, हाताने किंवा यंत्राने. शाळेची गेलेली वर्षे बदलून बसवण्याची शस्त्रक्रिया मात्र अजून कुठल्याही देशात निघालेली नाही.

मघाशी मी म्हटले होते की ही गोष्ट शिक्षणाची आहे की नाही, हे आपण ठरवावे. आज पारितोषिक घेणाऱ्या मुलींच्या यादीत बीजगणितात सर्वाधिक गुण मिळवणारी नववीतली एक मुलगी आहे. तिला बक्षीस देताना माझा हात थोडा थरथरला, तर वयाचा दोष समजू नका. मला माझ्या आपाला बक्षीस दिल्यासारखे वाटेल.